जमुनाबाईची तुटकी झोप

जमुनाबाई होले झोपेत मेली असती तर गावानं तिला पुण्यवान ठरवलं असतं. कोणाची सेवा घेतली नाही, कोणाला त्रास दिला नाही, गेली बिचारी गपचूप, असं म्हणत लोक तेरवीच्या पंगतीत जेवले असते, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी बाई टेम्पोत बसली असती. पण जमुनाबाई मेली नाही. ती जगली आणि संतापली. बाईचं मरण गावाला पचतं, संताप पचत नाही.

तिवस्याहून नागपूरचा मोठा रस्ता सोडून आत सहा किलोमीटरवर तिचं गाव. कालव्याचं पाणी आहे, माळ्यांची साठेक घरं आहेत, आणि घरटी मेथी, पालक, आंबटचुका नि सांबार. सांबार म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. या गावात एक जुनी वाटणी आहे. कांदा, वांगी, टमाटर हा बाप्याचा माल. पालेभाजी हा बाईचा माल. का, तर म्हणे बाप्याच्या हातात गरमी असते, त्याच्या हातानं पाला मान टाकतो. म्हणून तोडायची बाईनं, जुडी बांधायची बाईनं, टेम्पोत बाईनंच बसायचं, आणि अमरावतीच्या बाजारात पहाटे हर्रास होतो, म्हणजे बोली लागते, तिथं ढीगही बाईनंच मांडायचा.

"हे गरमी रातीच्या अडीच वाजताच कशी वाढते वं?" असं जमुनाबाई टेम्पोत बसल्या बसल्या विचारायची. बाकीच्या बाया हसायच्या. हसायच्या आणि बसायच्या. तीही बसायची.

जमुना माहेरची अकोल्याकडची, पातूरच्या बाजूची. विसाव्या वर्षी देवीदास होलेच्या घरात आली, आता एकोणपन्नास लागलं. उंचीनं बेताची, आवाजानं मोठी. तिच्या हाताची जुडी अशी की दोरा सुटला तरी काड्या विखरायच्या नाहीत. अडत्या खुशालराव रोजचा हर्रास तिच्या ढिगापासून सुरू करायचा, कारण तिच्या मालावर बोली चढली की पुढच्यांनाही भाव सापडायचा. एकदा एका व्यापाऱ्यानं तिची जुडी सोडून हलकी आहे म्हणून कांगावा केला. तिनं त्याच्याच पोत्यातली जुडी भर बाजारात उकलली आणि आतलं गवत त्याच्या तळहातावर ठेवलं. "हे घे, हे वजनदार हाय." तेव्हापासून तिच्याशी कोणी वाकडं बोलत नसे. या मानाचा तिला गर्व होता, आणि खरं सांगायचं तर याच गर्वानं तिला एकोणतीस वर्षं टेम्पोत बसवलं. बेडी लोखंडाचीच लागते असं नाही.

तिचा दिवस असा. दुपारी चारला तोडणी. मग स्वयंपाक. मग पाटावर एक पाय दुमडून रात्री दहापर्यंत जुड्या. साडेदहाला पाठ टेकायची, दोनला उठायचं, अडीचचा टेम्पो, चारचा हर्रास, नऊला घरी, आणि घरी आल्यावर भाकरी, धुणं, निंदण. झोप साडेतीन तासांची, तीही सलग नाही. तीन वर्षांपूर्वी पाळी गेली तेव्हापासून झोपेतच अंगात भट्टी पेटायची. गोधडी फेकायची, घामानं लुगडं ओलं, उठून पाणी, उठून परसात, परत येऊन पडते न पडते तोच अंग गार. त्यात घोरणं. घोरण्याचं तिला काही माहीत नव्हतं, ते लोकांनी सांगितलं, हसत हसत.

मग दिवसा ती कुठंही डुलायची. भाकरी थापताना, एसटीत, कीर्तनात. आणि घरात नाव पडलं झोपाळू. सासू गंगूबाई पंच्याहत्तरीची, जिभेनं अजून धारदार. ती म्हणायची, "बाईची पाठ उजेडी भुईले लागली का घरातली लक्ष्मी उठून जाते." घरात दिवसा बाईनं आडवं व्हायचं नाही, हा नियम. देवीदास जेवला की दोन तास पसरायचा. त्याच्या पाठीचं लक्ष्मीला काही वाटत नसावं.

देवीदास वाईट माणूस नव्हता, हे सांगितलं पाहिजे. दारू नाही, शिवी नाही, हात उगारणं तर नाहीच. तो नऊला झोपायचा आणि सहाला उठायचा. शेजारची गोधडी रोज दोनला रिकामी होते, हे त्याला ठाऊक होतं. पावसाळ्यात ओढ्याला पूर येतो तेही ठाऊक होतं. दोन्हीबद्दल त्याला सारखंच वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात अकोल्याला एका लग्नाला सगळं घर गेलं. जमुनाबाई पहाटेचा हर्रास करून, बाजारातूनच बस धरून पोचली. अक्षता पडल्या, जेवण झालं, आणि मंगल कार्यालयातल्या बायांच्या खोलीत गादीवर तिला झोप लागली. तिचा मुलगा गजेंद्र सव्वीस वर्षांचा, लग्न झालेला, अक्कल यायची वाट पाहणारा. त्यानं आईचं घोरणं मोबाईलवर भरलं. एक मिनिट चाळीस सेकंद. आणि 'होले परिवार' या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, आमच्या घरचा ट्रॅक्टर. दर्यापूरच्या मावसभावापासून वरूडच्या व्याह्यापर्यंत सगळे हसले.

तिला ते कळलं परतीच्या बसमध्ये, कोणीतरी मागच्या सीटवर वाजवलं तेव्हा. घरी आल्यावर गजेंद्रचा मोबाईल उचलला आणि भाजी धुवायच्या हौदात सोडला.

"आई, काय केलं तू हे?"

"ट्रॅक्टर धुतला," ती म्हणाली.

त्यानं तो चार दिवस तांदळात ठेवून वाळवला. आई फार तापट आहे, मजाक समजत नाही, असं त्यानं बायकोला सांगितलं. बायको भावना हिचं लक्ष दुसरीकडे होतं. तिला सासूची चाल दिसत होती. हल्ली सासू जिना चढावा तशी सपाट जमिनीवर चालत होती.

थंडी पडली आणि मेथीचा हंगाम भरात आला. तेव्हा तिचा डावा पाय सुजला. घोट्यापासून पोटरीपर्यंत, फक्त डावा. पोटरी फुगून ताठ झालेली, हात लावला तर गरम. उजवा पाय होता तसाच.

"नस चढली," देवीदास म्हणाला.

"बसून बसून आखडली," गंगूबाई म्हणाली. "माणिकले बलाव. चोळून घे."

माणिकबाई म्हणजे गावाचे हात. बाळंतिणीचं अंग, मुरगळलेला घोटा, उतरलेला खांदा, सगळं तिच्याकडे. ओवा टाकून तेल कडकडीत करायची आणि अंगठा असा लावायची की माणसानं नवस बोलावा. तीन संध्याकाळी ती आली. जमुनाबाईची पोटरी तिनं कणकेसारखी मळली. जमुनाबाई दात खाऊन म्हणायची, "माणिकबाई, जीव जाते वो माहा."

"जाऊ दे. दुखलं तं उतरते."

चौथ्या दिवशी पहाटे तिनं बाजारात ढीग मांडला. वाकून उठली आणि श्वास अर्ध्यातच अडला. छातीत उजवीकडे कोणी सुया खुपसाव्या तशी कळ. ती ढिगाजवळच खाली बसली.

"अवो जमुनाबाई, बोली चालू हाय, उठा," खुशालराव ओरडला. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला. राखेसारखा झाला होता. त्यानं हर्रास थांबवला, जो बाजारात भांडणासाठीही थांबत नाही, आणि दोन हमालांकडून तिला ऑटोत घालून मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. ऑटोत बसतानाही ती म्हणत होती, "पहिले माहा ढीग विका. पाला सुकते."

पायाची सोनोग्राफी झाली, छातीचं सिटीस्कॅन झालं. पोटरीच्या आतल्या शिरेत रक्ताची गाठ होती आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला होता. तुकडा लहान होता, म्हणून ती वाचली. मोठा असता तर मेथीच्या ढिगावरच आटोपलं असतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आकांक्षा तिच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसली. तिशीची मुलगी, स्वतःच्याच डोळ्यांखाली काळं. देवीदास आणि गजेंद्र उभे होते.

"रात्री झोप कशी लागते तुम्हाला?"

जमुनाबाई भडकली. "बाई, पाय सुजला माहा, छाती दुखते माही. झोपेचं काय इचारता?"

"सांगा तरी."

तिच्याआधी देवीदासच बोलला. "झोपेचं काई टेन्शन नाई, डाक्टरीनबाई. हे कुठीबी झोपते. उभ्या उभ्या झोपते. लय झोप हाय हिले."

"मी यांना विचारलं," डॉक्टर म्हणाली. "रात्री किती वाजता झोपता, किती वाजता उठता?"

जमुनाबाईनं सांगितलं. डॉक्टरनं लिहून घेतलं आणि पेन थांबलं. "रोज?"

"अमावस्येले बाजार बंद असते."

"आणि घोरता का?"

गजेंद्रला हसू आलं. खरं तर दवाखान्यात आल्यापासून तो घाबरलेला होता, पण सवयीचं हसू आलं. "घोरते म्हनजे काय मॅडम, आपल्याकडे रेकॉर्डिंग हाय." आणि त्यानं ते ग्रुपवरून शोधून लावलं.

वॉर्डात ते घोरणं वाजलं. मागं लग्नातल्या लोकांचं खिदळणं. घोरणं चढत गेलं, चढत गेलं आणि एकदम बंद. रेकॉर्डिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, "बंद पडला रे ट्रॅक्टर," आणि सगळे जोरात हसले. मग गुदमरलेला माणूस पाण्यावर यावा तसा एक हबका, आणि पुन्हा घोरणं.

डॉक्टर हसली नाही. "पुन्हा लावा." ती घड्याळाकडे बघत बसली. "इथं थांबलं. बघा. पाच. दहा. पंधरा. एकोणीस." तिनं गजेंद्रकडे पाहिलं. "एकोणीस सेकंद तुमच्या आईचा श्वास बंद आहे. तुम्ही शेजारी उभे राहून रेकॉर्ड करत होता."

गजेंद्रनं मोबाईल खिशात घातला. पुढं दवाखान्यात असेपर्यंत त्यानं तो आईसमोर काढला नाही.

जमुनाबाईनं मात्र ते दोन्ही वेळा नीट ऐकलं होतं. स्वतःचं घोरणं ती पहिल्यांदा ऐकत होती. घोरण्याची तिला लाज वाटली नाही. तिच्या कानात बसलं ते त्या एकोणीस सेकंदांतलं हसणं. ती तिथं मरत होती आणि तिची माणसं हसत होती, आणि पाया पडायला सगळ्यांत पुढं हीच माणसं असतात.

"झोपेचा न गाठीचा काय संबंध?" तिनं विचारलं. "सोप्पं सांगा. मी सातवी शिकली, पन बैल नाई."

डॉक्टरनं सांगितलं, आणि ते सांगणं जमुनाबाईनं पुढं शंभर बायांना सांगितलं असेल. झोपेत शरीर स्वतःची डागडुजी करतं. झोप रोज तोडली, किंवा श्वास अडून अडून ती आपोआप तुटत राहिली, की शरीराला वाटतं संकट आलंय. मग आत बारीक बारीक सूज धरते, डोळ्यांना न दिसणारी, जखम नसताना जखमेची तयारी. आणि जखमेची तयारी म्हणजे रक्त गोठवायचं सामान वाढवून ठेवणं. त्याच वेळी झालेली गाठ विरघळवणारी यंत्रणा मंदावते. चाळिशी-पन्नाशीच्या बायांमध्ये हे जास्त बघावं लागतं, कारण पाळी जाताना झोपही बिघडते आणि अंगाचं जुनं संरक्षणही कमी होतं.

"झोपेमुळंच गाठ झाली, असं मी छातीठोक म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाली. "तासन्‌तास पाय दुमडून बसणं आहे, वजन आहे, वय आहे. पण तुमच्या रक्ताच्या तपासणीत सूज दाखवणारा आकडा वाढलेला आहे, गाठीमुळंही तो वाढतो. आणि तुमची झोप ही झोपच नाही. हे सगळं मिळून रक्ताला गाठीकडेच ढकलतंय. आणि पाय कोणी चोळला का?"

"तीन दिवस," देवीदास म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

"एकच पाय अचानक सुजला, गरम आहे, दुखतोय, तर चोळायचा नाही. कधीच नाही. आत गाठ असली तर ती सुटून वर जाते. सरळ दवाखान्यात यायचं."

जमुनाबाई एकदम उठून बसली. "बेबीताई," ती म्हणाली.

बेबी म्हणजे देवीदासची मोठी बहीण, गंगूबाईची लेक, अकोल्याला दिलेली. सात वर्षांपूर्वी माहेरी आली होती तेव्हा तिचा असाच एक पाय सुजला होता. याच माणिकबाईनं याच तेलानं चोळला होता. अकोल्याला परत गेली आणि तिसऱ्या दिवशी ओसरीवर बसल्या बसल्या गेली. सेहेचाळीस वर्षांची. लोक म्हणाले अटॅक. लोक म्हणाले, काय मरण आलं बाईला, पुण्यवान होती. बेबीचा नवरा रात्रपाळीला होता आणि ती रोज चारला उठून त्याच्यासाठी दार उघडायची, पोरांचे डबे करायची. तिच्या झोपेचं कोणी विचारलं नव्हतं. तिची तपासणी कोणी केली नाही, म्हणून नक्की काय झालं ते आता कोणीच सांगू शकत नाही. डॉक्टरही म्हणाली, आता सांगता येणार नाही. पण देवीदास खाटेचा दांडा घट्ट धरून उभा राहिला.

नऊ दिवसांनी तिला घरी सोडलं. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, पायाला घट्ट दाबून बसणारा मोजा. झोपेची तपासणीही झाली. तासाला सत्तावीस वेळा श्वास अडत होता. रात्री नाकाला लावून झोपायचं यंत्र वापरायला मिळालं. पण डॉक्टरनं बजावलं, यंत्र साडेतीन तासांत काही करणार नाही. रात्री दहा ते सकाळी सहा, सलग. हे औषधच आहे असं समजा.

घरी माणिकबाई भेटायला आली. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"लोक म्हनून राहिले, माह्या हातानं तू मराले टेकली."

"लोक गेले खड्ड्यात," जमुनाबाई म्हणाली. "तुमाले कोनी सांगतलं नव्हतं, मले बी नव्हतं. आता मी सांगून राहिली. एकच पाय सुजला, गरम लागला, तं हात लावाचा नाई. दवाखान्यात पाठवाचं. म्हना."

"अर्ध गाव माह्या हाताखालून गेलं, जमुने."

"म्हना, माणिकबाई."

माणिकबाई तोंड फिरवून उभी राहिली. मग म्हणाली, "एकच पाय सुजला, गरम लागला, तं नाई चोळाचा." आणि पाणी न पिता निघून गेली. आतल्या खोलीत गंगूबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं हे ऐकलं होतं.

"बेबीसाठी माणिकले मीच बलावलं व्हतं," ती म्हणाली. "ते नाई म्हनत व्हती. मीच म्हनलं, बस, चोळून घे."

जमुनाबाईला सासूची कीव यायला पाहिजे होती. आली नाही. एकोणतीस वर्षं डुलकी लागली की याच बाईनं चिमटा काढावा तसं बोलून उठवलं होतं. तिनं फक्त गोळीचं पाणी प्यायलं आणि पेला पालथा ठेवला.

खरी लढाई संध्याकाळी झाली. मेथीचे दोन वाफे तोडणीला आले होते. जेवताना देवीदास म्हणाला, "डाक्टरीनबाईनं सांगतलं तसंच करू. तू झोप. टेम्पोत उद्यापासून भावना जाईन."

तो हे फार मायेनं बोलला. आपण बायकोसाठी काहीतरी मोठं केलं, असं त्याच्या तोंडावर होतं. भावनाच्या हातात भाकरी होती, ती तशीच राहिली. तिला तीन वर्षांचं पोर होतं.

"भावना काहून?" जमुनाबाई म्हणाली.

"मंग कोन?"

"तुमी. नाई तं हा ट्रॅक्टर काढनारा."

"आई, पाला बाईचा माल हाय," गजेंद्र म्हणाला. "बाजारात लोक हसतीन मले."

"मले हसले तवा बरं लागलं तुले?"

"तसं नाई वो. बाप्याच्या हातानं पाला मान टाकते."

"दवाखान्यात कंपाउंडर बाप्या होता. त्यानं सुई खुपसली, मी नाई मान टाकली."

देवीदासनं आवाज चढवला, आयुष्यात दुसऱ्यांदा. "एका झोपेपाई घराची रीत मोडाची का? भावना तरनी हाय. तिले काय होते?"

"मी बी तरनी व्हती, आली तवा."

तो जेवणावरून उठला. हा विषय संपला, असं उठण्यातूनच सांगितलं. घरातले विषय असेच संपतात, बाप्या उठला की.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तोडणीच्या आधी, जमुनाबाई मोजा घातलेला पाय सांभाळत शेतात गेली. गोठ्यातल्या दोन म्हशी सोडल्या आणि त्यांना मेथीच्या वाफ्यात घातलं. तिच्या हाताची मेथी, जिच्यावर बाजाराची पहिली बोली लागायची. म्हशींना आधी विश्वास बसला नाही. मग त्यांनी मान खाली घातली.

देवीदास कपाशीतून धावत आला. "अवं, येडी झाली का तू?"

"पाला राहिला तं बाई उठते," जमुनाबाई बांधावर बसून म्हणाली. "पाला नसला तं कोनीच उठत नाई. सगळे झोपू."

"हाक त्याइले."

"नाई."

गजेंद्र आला, शेजारचे दोघं-तिघं आले, कोणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला, कोणी म्हणालं गोळ्यांची गरमी. गंगूबाई काठी टेकत टेकत आली. देवीदासला आधार सापडला. "आई, सांग हिले. तुह्या सांगन्यानं ऐकन."

गंगूबाईनं वाफ्याकडे पाहिलं. एक वाफा अर्धा गेला होता. ती जमुनाबाईपासून हातभर अंतरावर बांधावर बसली, दम घेतला आणि लेकाला म्हणाली, "म्हशी राहू दे तथीच."

म्हशींच्या दातांचा आवाज तेवढा येत होता. मग गजेंद्रच वाफ्यात उतरला. म्हशी हाकलल्या आणि बापाला म्हणाला, "बाबा, उरलेली तोडून घेऊ. अडीचले मी जातो. तुमी बी चाला, मले ढीग मांडता येत नाई."

त्या संध्याकाळी बापलेक पाटावर बसून जुड्या बांधत होते. दोरा सुटत होता, काड्या निसटत होत्या, शिव्या तोंडात येऊन परत जात होत्या. भावना पोराला घेऊन झोपायला गेली. जमुनाबाईनं एकदाही हात लावला नाही. हात शिवशिवत होते, हेही खरं. तिनं ते मांडीखाली दाबून ठेवले. दहाला तिनं नाकाला नळी लावली.

जाग आली तेव्हा भिंतीवर ऊन होतं. पहिल्यांदा ती दचकली, टेम्पो गेला. मग तिला सगळं आठवलं. पावणेसात झाले होते. डोक्यातलं जड दगडी पाणी कोणी उपसून टाकावं तसं वाटत होतं. भावनाच्या खोलीतून पोराच्या हसण्याचा आवाज येत होता. अंगण झाडलेलं नव्हतं, सडा पडला नव्हता, आणि आभाळ जागच्या जागी होतं.

ती खाटेवर बसून राहिली. डॉक्टरनं सांगितलं होतं, बरं वाटेल. बरं वाटतच होतं. आणि त्या बरं वाटण्यातूनच राग वर आला. एवढंच होतं का हे? माणसाला रोज सकाळी असं वाटतं? देवीदासला एकोणतीस वर्षं रोज असं वाटत होतं? शेजारच्या गोधडीवर? तिनं पोरं वाढवली, माल विकला, माणसं जपली, ती सगळी अर्धमेल्या डोक्यानं, आणि लोक म्हणाले जमुना तापट आहे, जमुना झोपाळू आहे. बेबी तर एवढंही न कळता गेली.

नऊला बापलेक आले. गजेंद्र दारातच पायरीवर बसला आणि बसल्या बसल्या डुलायला लागला. देवीदासचे डोळे लाल.

"खुशालराव म्हने, जुडी ढिली हाय," तो म्हणाला. "भाव कमी लागला. डोकं फुटून राहिलं माहं. झाली का तुही झोप?"

"एका रातीची झाली."

"मंग उद्या?"

"उद्या बी तुमीच. जुडी घट्ट बांधा."

तिच्या तोंडाकडे पाहून त्यानं चहाचा कप उचलला. तिचा राग गेलेला नव्हता. रात्रभर झोपून तो पहिल्यांदा ताजातवाना झाला होता, आणि आता त्याला काम हवं होतं. चहा पिऊन ती चप्पल घालून निघाली. टेम्पोत तिच्याशेजारी बसणारी एक बाई होती, तीही भाकरी थापताना डुलायची. सांगायला जायच्या घरांत तिचं घर पहिलं होतं.